‘शिकायला पाठवलेली माणसं टिकत नाहीत’

(पत्राचा सारांश. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत मी बारा वर्षं आहे. आम्ही अकराजण. महिला संघ, किशोरी मुलींचे गट आणि पंचायतीकडे लोकांची अडलेली कामं, हे आमचं काम. बेंगळुरूच्या एका संस्थेच्या नेतृत्व अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली आहे. आठ महिन्यांचा अभ्यासक्रम, दर महिन्याला चार दिवस तिकडे, बाकी ऑनलाइन. सगळं इंग्रजीत. सवलत धरून फी ४० हजार, शिवाय जाणं-येणं. आमचे संस्थापक सर म्हणतात, ‘आपण कामातून शिकलो. शिकायला पाठवलेली माणसं टिकत नाहीत. आणि लोकांसाठी आलेला पैसा आपल्या शिक्षणावर घालणं मला पटत नाही.’ माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, इंग्रजी वाचता येतं पण बोलताना जीभ अडते. मैत्रीण म्हणते, त्यापेक्षा पुण्याला मराठीत काहीतरी कर. आणखी एक. २०१९ च्या पुरात या भागातल्या सात-आठ संस्थांनी एकत्र काम केलं होतं. पुढे एका कंपनीच्या निधीवरून सगळे पांगले. आता पुन्हा एकत्र यायचं काहींच्या मनात आहे, पण सर त्यालाही राजी नाहीत. माझं वय ३९. मी जावं का?

ताई,

सरांचं म्हणणं आधी घेते, कारण तुमच्या पत्रातली निम्मी जागा त्यांनीच व्यापली आहे. ते दोन गोष्टी एका दमात बोलले आहेत. त्या वेगळ्या करून बघू.

माणसं टिकत नाहीत, हे खरं आहे. बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्याही संस्थेत विचारा, चार नावं लगेच निघतील. पण ती माणसं कधी गेली ते आठवून बघा. बहुतेक जण प्रशिक्षणाहून परत आल्यावर वर्ष-दीड वर्षानं गेली असतील. परत आले तेव्हा टेबल तेच, पगार तोच, आणि शिकलेलं वापरायला कुणी दिलं नाही. ‘आता पहिलं ते अहवालाचं बघ, बाकी नंतर’ असं सांगितलं गेलं. मग कुणी मुलाखतीला गेला तर त्याला दोष कसा द्यायचा? तुमच्या अकराजणांपैकी कितीजणांना नेमणुकीचं पत्र मिळालं आहे? दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटीचा कायदा लागतो. तुमच्याकडे त्याची तरतूद ताळेबंदात दिसते का, हे एकदा सीएंना विचारा. बारा वर्षं राहिलेल्या माणसाला हे विचारायचा हक्क आहे. माणूस का टिकत नाही याचं उत्तर बहुधा प्रशिक्षणापेक्षा या कागदात सापडतं.

दुसरी गोष्ट पैशाची. इथं सरांच्या भावनेचा मला आदर वाटतो. ज्यांनी एसटीची तिकिटं व्हाउचरला डकवून संस्था उभी केली, त्यांना ४० हजार म्हणजे किशोरी गटांचं वर्षाचं साहित्य दिसतं. पण ‘लोकांचा पैसा’ आणि ‘आपला खर्च’ अशी भिंत घातली की संस्थेत काम करणारं माणूस हिशेबातूनच गायब होतं. किशोरींच्या गटात पाळीविषयी बोलणारी कार्यकर्ती नीट शिकलेली नसेल, तर ते साहित्य कपाटात पडून राहतं. ती शिकणं हा त्या मुलींवरचाच खर्च आहे.

कायदाही वाटतो तितका आडवा येत नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीत, ‘प्रशासकीय खर्च ५ टक्के’ ही मर्यादा आहे, आणि ती पुढे करून अनेक अधिकारी संस्थांच्या अंदाजपत्रकातून प्रशिक्षणाची ओळ काढून टाकतात. पण नियमातली व्याख्या वाचली तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च तिच्यात धरला जात नाही. म्हणजे किशोरी प्रकल्पातल्या दोन कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण त्या प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात, ‘प्रशिक्षण’ असं सरळ लिहून मागता येतं. शेवटी लाजत-लाजत ‘इतर’मध्ये लपवू नका. तिथं टाकलेली ओळ पहिल्यांदा कापली जाते. परदेशी निधी असेल तर हिशेब वेगळा: परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली आहे, तिथं सीएंना विचारूनच पाऊल टाका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ‘मी जावं का’ असं तुम्ही विचारलं आहे. पत्र वाचताना मला राहून-राहून वाटत होतं की जाण्याचा प्रश्न तुमच्यापुरता नाही. तुम्ही महिन्यातले चार दिवस नसाल तेव्हा ऑफिसात काय-काय अडेल?

अशा ऑफिसातलं चित्र मला ओळखीचं आहे. एका संघाची बैठकीची वही मराठीत. त्याच संघातल्या बाईचा घराचा अर्ज पंचायतीत द्यायचा तर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) पत्र कन्नडात. त्याच बाईची गोष्ट कंपनीला तिमाही अहवालात पाठवायची तर इंग्रजीत, फोटोखाली दोन ओळींसकट. वही एकीकडून येते, पत्र कुणा मास्तरांकडून लिहून आणलं जातं, अहवाल रात्री जागून ताई करतात. ही तिन्ही टोकं जुळवणारी अख्ख्या संस्थेत एकच बाई, आणि ती बहुधा तुम्ही. सरांना तुमच्या जाण्याची भीती वाटते ती उगीच नाही. पण तिचं औषध तुम्हाला अडवून ठेवणं हे नक्कीच नाही.

एक करा. महिनाभर टेबलावर एक साधी वही ठेवा. कुणीही ‘ताई आल्यावर बघू’ म्हटलं की काय बघायचं होतं ते एका ओळीत तिथं लिहायचं. महिनाअखेरीस जी यादी होईल, ती तुमच्या संस्थेची खरी प्रशिक्षणाची गरज. तिच्यातलं निम्मं बेंगळुरूला शिकवत नाहीत. बँकेचा ताळमेळ लावणं, कन्नडात अर्ज लिहिणं, एक्सेलमध्ये संघांची यादी ठेवणं, बैठकीचं इतिवृत्त वेळेवर लिहिणं. यातलं बरंच काही तुम्ही स्वतः कुणालातरी शिकवू शकता, आणि तेही तुम्ही जाण्याच्या आधी.

पुणे की बेंगळुरू, यावर मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लोकांशी कसं बोलायचं, गट कसा चालवायचा, मुलींना प्रश्न विचारायला कसं तयार करायचं, हे आपल्या भाषेत शिकावं. त्यासाठी महाराष्ट्रात उत्तम माणसं आणि उत्तम साहित्य आहे, ते जरूर घ्या. पण कायद्याचं प्रकरण आलं की तेच साहित्य तुम्हाला फसवेल. पुण्या-कोल्हापूरच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस धर्मादाय आयुक्तांकडे द्यायच्या विवरणांवर जातो. तुमची संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली असणार, आणि तुम्हाला वार्षिक यादी व ताळेबंद जिल्हा निबंधकांकडे द्यावा लागतो. तिकडे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्यावर तासन्‌तास बोलतात, कर्नाटकात तो लागू होईल असं पाचव्या अनुसूचीचं क्षेत्रच नाही. तिकडे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), इथं पीडीओ. इथं ग्रामसभेच्या आधी वॉर्ड सभा असते आणि तिच्यात नाव सुचवलं गेलं नाही तर पुढे ग्रामसभेत बोलून फारसं हाती लागत नाही. मराठी पुस्तिकेतून हे कळणार नाही. पंचायत सदस्यांसाठी म्हैसूरच्या अब्दुल नजीर साब संस्थेचं प्रशिक्षण असतं, ते साहित्य कन्नडात आहे.

म्हणून माझ्या मते तुमच्या संस्थेची सगळ्यात मोठी उणीव इंग्रजी नसून लिहिण्याचं कन्नड आहे. सीमाभागात हे वाक्य लिहिताना पेन जरा अडखळतं, ठाऊक आहे. सीमाप्रश्नावर तुमचं, माझं, सरांचं मत काय असेल ते असो. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि विधवा पेन्शनचा अर्ज त्याच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही. तुमच्या दोन तरुण कार्यकर्त्यांना गावच्या कन्नड शाळेतल्या एखाद्या निवृत्त बाईंकडे आठवड्यातून दोन संध्याकाळ बसवा. व्याकरण नको, नमुना पत्रं हवीत: पीडीओंना, तहसीलदारांना, अंगणवाडीच्या खात्याला, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला. अशा पंधरा-वीस पत्रांची फाईल झाली की तुमच्यावरचा मोठा भार उतरेल. मानधन देऊनसुद्धा हे बेंगळुरूच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

आणि शिकायला दरवेळी लांब जायचं तरी कशाला? बेळगावाहून रेल्वेनं घटप्रभेला जा. तिथं मायराडा या मोठ्या स्वयंसेवी संस्थेच्या आधारानं, देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या बायकांची ‘मास’ ही संस्था उभी राहिली. तिच्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. ज्यांना गावानं उंबऱ्याबाहेर ठेवलं त्या बायकांच्या हातात संस्थेचा कारभार कसा आला, सह्या कुणाच्या असतात, मदत करणारी मोठी संस्था मागे कशी सरली, हे जाऊन विचारा. नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात हाच विषय ‘सत्तेचं हस्तांतरण’ म्हणून चित्रं दाखवून शिकवतील. शक्य झालं तर सरांना बरोबर न्या. दुसरीकडे हुबळीला देशपांडे फाउंडेशन गेली कित्येक वर्षं सामाजिक कामात येऊ पाहणाऱ्या तरुणांना तयार करतं आणि विकासाच्या कामावर संमेलन भरवत आलं आहे. सकाळी निघून रात्री घरी येता येईल इतकं ते जवळ आहे. कोल्हापूरच्या सायबर या शिक्षणसंस्थेत एमएसडब्ल्यूची (समाजकार्य शिकणारी) मुलं आहेत, त्यांना क्षेत्रकार्यासाठी संस्था लागतातच. एखादा विद्यार्थी दोन-तीन महिने तुमच्याकडे राहिला तर तोही शिकेल आणि तुमच्या संघांच्या वह्या एकदाच्या संगणकावर येतील.

एवढं सगळं सांगूनही, बेंगळुरूला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा. पण होकार कळवण्याआधी अभ्यासक्रमाच्या लोकांना फोन करा. मागच्या तुकड्यांमधल्या, तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या दोघांचे नंबर मागा. त्यांना ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, छानच वाटलेलं असतं. परत आल्यावर तुमच्या ऑफिसात कुठली गोष्ट वेगळी होऊ लागली, ते विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा. (या क्षेत्रात तीन दिवस भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो काढणारी प्रशिक्षणंही ढिगानं आहेत.) सहभागींना द्यायचं काम स्वतःच्या संस्थेवर करता येईल का, लेखी काम मराठीत किंवा कन्नडात दिलं तर चालेल का, फी हप्त्यानं भरता येईल का, हेही विचारा. चांगल्या अभ्यासक्रमाला हे प्रश्न नवीन नसतात. इंग्रजीची काळजी मी फारशी करणार नाही. त्यांनी तुमचा अर्ज वाचून, तुमच्याशी बोलून निवड केली आहे. जीभ अडते हे त्यांनी ऐकलं असणारच. बारा वर्षं संघाच्या बायकांची भांडणं सोडवलेलं माणूस त्या वर्गात कमी असेल.

फीचा प्रश्न सरांशी एकांतात सोडवू नका. सोसायटीला कार्यकारी मंडळ असतं. त्यांच्यापुढे एका पानाचा अर्ज ठेवा: तुम्ही नसताना कुठलं काम कोण बघेल, परत आल्यावर दर महिन्याला अर्धा दिवस कुणाला काय शिकवाल, संस्था किती भरेल, तुम्ही किती भराल. संस्थेनं निम्म्याहून जास्त भरावं असं मला वाटतं. ‘तीन वर्षं सोडणार नाही’ असं बंधपत्र मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. एका वर्षाचा शब्द तोंडी द्या आणि तो पाळा. ठराव इतिवृत्तात यावा. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला जायचं असेल तेव्हा त्याला नव्यानं भांडावं लागणार नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला ती ओळींच्या मधे ऐकू आली. सरांनंतर काय? ‘नेतृत्व’ असं नाव असलेल्या अभ्यासक्रमाला तुमची निवड होते, तेव्हा त्यांच्या मनात हा प्रश्न आला नसेल असं होणार नाही. त्यांना दुखवायचं नसेल तर त्यांना बाजूला ठेवू नका. पहिल्या महिन्याचं काम म्हणून संस्थेची हकीकत त्यांच्याकडूनच घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. पहिला संघ कुठल्या गावात झाला, कुठं हाकलून दिलं, पहिला चेक कुणाचा आला. ही माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असणं संस्थेला परवडणारं नाही, आणि विचारल्यावर सर किती वेळ बोलतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता सात-आठ संस्थांचं. पुरात एकत्र आलात कारण काम समोर होतं. पांगलात कारण पैसा एकाच दारातून येत होता. सीएसआरच्या कायद्यात कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं आहे, त्यामुळे उद्यमबागेतला कारखाना असो की साखर कारखाना, त्यांच्याकडे आसपासच्याच संस्था अर्ज करणार. ही चुरस जाणार नाही. तुम्ही ‘आपण भांडायचं नाही’ असं ठरवलं तरी ती राहील. म्हणून पहिलं वर्षभर निधीचा विषयच काढू नका. महासंघाची नोंदणी, लेटरहेड, अध्यक्ष, हे तर मुळीच नको. अध्यक्ष ठरवायला बसलात की तिथंच मोडेल. शिवाय एखादी मोठी संस्था परदेशी निधी आणून छोट्यांना वाटून देईल हा जुना रस्ता २०२० पासून कायद्यानंच बंद आहे. जमायचं तर स्वतःच्या वर्गणीवर.

ज्यात चुरस नाही अशा गोष्टींपासून सुरुवात करा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरोधी २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती मागतो. तुम्ही अकराजण आहात, म्हणजे तुम्हालाही लागू. त्या समितीत एक बाहेरची सदस्य लागते, महिलांच्या प्रश्नांवर काम केलेली. सगळ्या संस्था या एका सदस्यासाठी अडतात आणि मग कुणा ओळखीच्या वकीलबाईंचं नाव नुसतं कागदावर घालतात. तुम्ही त्यांच्याकडे सदस्य व्हा, त्यांची कार्यकर्ती तुमच्याकडे. सदस्यांचं प्रशिक्षण सगळ्यांचं मिळून एकदाच घ्या, खर्च सात ठिकाणी विभागला जाईल. प्राप्तिकरातल्या सवलतींसाठीची, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी आता एकदा करून विसरून जायची राहिलेली नाही, मुदतीत नूतनीकरण करावं लागतं. सगळ्यांच्या तारखा एका कागदावर आणा आणि एका सीएंकडे एकाच दिवशी बसा. सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ अर्ज आणि स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची माहिती कुणाची अर्धवट असेल तर त्याच दिवशी पुरी करा. कन्नड पत्रांची ती फाईल सगळ्यांना द्या. कन्नड संस्थांना मराठी वस्त्यांत बोलायला माणूस लागतो, तुम्हाला कन्नड लिहिणारं लागतं. ही देवाणघेवाण एकट्या मराठी किंवा एकट्या कन्नड संस्थांची टोळी जमवून होणार नाही, तेव्हा बोलावताना दोघांनाही बोलवा.

दोन महिन्यांतून एकदा, प्रत्येक वेळी वेगळ्या ऑफिसात, सकाळी अकरा ते दोन, डबे आपापले. पहिली बैठक मात्र तुमच्याकडे ठेवू नका, नाहीतर सरांना यजमान म्हणून आधी नकार द्यावा लागेल. चिकोडी किंवा निपाणीकडच्या कुणाला तरी ठेवायला सांगा, आणि सरांना त्यांच्याकडूनच फोन जाऊ दे. पाच वर्षांत प्रत्येकाच्या ऑडिटमध्ये कुठली शंका आली होती, एवढाच विषय ठेवा. फाईल बरोबर आणायची आहे, हे आदल्या दिवशी प्रत्येकाला आठवण करून द्या.